ग्रंथपाल नक्की काय करतो?

मागच्या व्याख्यानात आपण ‘ज्ञान म्हणजे काय’ या प्रश्नाशी बरीच झटापट केली. आज त्याहून साधा वाटणारा प्रश्न घेऊ. ज्ञान एका माणसाकडून दुसऱ्याकडे पोचतं कसं? शाळा हे एक उत्तर झालं. पण शाळा दहा-बारा वर्षांत सुटते. पुढची पन्नास वर्षं माणसाने कुठे जायचं?

हा प्रश्न एका राजाला पडला होता. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड. त्यांनी १८९३ साली अमरेली भागातल्या काही गावांत सक्तीचं, मोफत शिक्षण सुरू केलं आणि १९०६ साली ते राज्यभर नेलं. आता अडचण कुठे आहे ती पाहा. मुलगा चार यत्ता शिकला आणि शेतावर गेला. घरात छापलेला कागद नाही. काही वर्षांत अक्षरं पुसट होतात आणि शाळेवरचा खर्च पाण्यात जातो. म्हणजे शाळा काढली की ग्रंथालय काढणं भागच आहे. महाराजांनी अमेरिकेतली सार्वजनिक ग्रंथालयं स्वतः पाहिली होती. १९१० साली त्यांनी तिथले ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बडोद्यात बोलावलं. मध्यवर्ती ग्रंथालय, स्त्रिया आणि मुलांसाठी वेगळी सोय, गावोगावची वाचनालयं अशी साखळी उभी राहिली. गावाने वर्गणी काढली की सरकार आपली भर घालायचं. जिथे तेवढंही जमत नव्हतं, तिथे लाकडी पेट्यांतून पुस्तकं जायची.

यातली एक गोष्ट आपण सहसा विसरतो. बॉर्डननी पुस्तकांबरोबरच माणसंही तयार केली. ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणाचा वर्ग काढला. पेटी गावात पोचली, पण ती उघडून ‘हे तुझ्या कामाचं आहे’ असं सांगणारा कोणी नसेल, तर ती पेटीच राहते. नाही का?

आता दुसरा माणूस, शियाली रामामृत रंगनाथन. हे मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि थोड्याच दिवसांत एवढे कंटाळले की परत शिकवायला जाऊ द्या म्हणू लागले! त्यांना सांगण्यात आलं, आधी इंग्लंडला जाऊन शिकून या, मग ठरवा. तिथे त्यांनी पाहिलं की सार्वजनिक ग्रंथालयात कामगार येतो, गृहिणी येते, मूल येतं आणि प्रत्येकाशी कोणीतरी बोलतं. ते परतले ते आयुष्यभराचे ग्रंथपाल होऊनच. १९३१ साली त्यांनी आपली पाच सूत्रं पुस्तकरूपाने मांडली. आपल्या शब्दांत सांगायचं तर अशी: पुस्तकं वापरासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाया जाऊ नये, आणि ग्रंथालय ही वाढत राहणारी गोष्ट आहे.

वाचताना वाटतं, यात काय विशेष? हे तर उघडच आहे. पण पहिलंच सूत्र घ्या. पुस्तक वापरासाठी असेल तर कपाटाला कुलूप का? वाचनालय लोकांच्या कामाच्या वेळेतच उघडं आणि सुटीच्या दिवशी बंद का? सूत्र एका ओळीचं आहे, पण त्याने आपल्या अनेक सवयींना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं.

त्या पिंजऱ्यात आम्हीही उभे आहोत. विभागप्रमुख असताना विभागाच्या ग्रंथांच्या कपाटाची किल्ली आमच्या खणात असायची. मुलं पुस्तकं हरवतात, खुणा करतात, ही आमची सबब. निवृत्तीच्या आधी यादी तपासायला ते उघडलं, तेव्हा कितीतरी पुस्तकांची जोड-पानं अजून फाडलेलीच नव्हती. एकही पुस्तक हरवलं नव्हतं, कारण एकही वाचलं गेलं नव्हतं. आम्ही ग्रंथ सांभाळले आणि वाचक गमावले. वर्गात आम्ही ज्ञानमीमांसा शिकवत होतो, हे विशेष!

याच्या उलट आमच्या लहानपणीचं गावचं वाचनालय. तिथले ग्रंथपाल काका फारसे शिकलेले नव्हते. पण कोण काय वाचतो हे त्यांना तोंडपाठ. आम्ही रहस्यकथा परत करायला गेलो की पुढची रहस्यकथा द्यायचे आणि तिच्याखाली एक दुसरंच पुस्तक सरकवायचे. ‘नाही आवडलं तर आणून दे.’ एवढंच. तत्त्वज्ञानाची पहिली ओळख आम्हाला अशी झाली.

महाराष्ट्राला या परंपरेचा मोठा वारसा आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं, पुण्याचं १८४८ सालचं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं. लोकांनी वर्गण्या काढून ही उभी केली. पुढे १९६७ साली कायदा झाला. तेव्हापासून संस्थांनी चालवलेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड असा वर्ग लावून शासन अनुदान देतं. गावागावांत वाचनालयं पोचली, ही छोटी गोष्ट नव्हे. पण खालच्या वर्गातल्या ग्रंथालयात जो माणूस कुलूप उघडतो, झाडतो, नोंदी करतो आणि पुस्तक सुचवतो, त्याच्या हातात महिन्याला किती पडतात, हे एकदा विचारून पाहा. उत्तर ऐकून आपली मान खाली जाईल. इमारतीला देणगी देणारे भेटतात, कारण तिथे नावाची पाटी लागते. माणसाच्या पगारावर पाटी लागत नाही.

कोणी म्हणेल, आता फोनवर सगळं मिळतं, ग्रंथपाल कशाला? फोन आपण विचारलेलं शोधून देतो, आणि वर आपल्याला आवडेल तेच पुढे करत राहतो. काकांनी दिलं ते आम्ही मागितलेलं नव्हतं, आवडेल असंही वाटलं नव्हतं. शिवाय स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या ज्या मुलाच्या घरी दोन खोल्यांत सहा माणसं राहतात, त्याला माहितीइतकीच एका शांत खुर्चीची गरज असते. ती फोन देऊ शकत नाही.

तेव्हा एवढंच करू. या आठवड्यात आपापल्या वाचनालयात जाऊ. वर्गणी भरू. ग्रंथपालांना नाव विचारू आणि म्हणू, ‘तुम्हीच एखादं पुस्तक द्या.’ बहुधा हे त्यांना बऱ्याच दिवसांत कोणी म्हटलेलं नसेल.

आता आपले प्रश्न घेऊ.