किनाऱ्यावरची मोजदाद

अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या उत्तरेला एडमंड्स नावाचे शहर आहे. तिथल्या फेरीबोटीच्या धक्क्याला लागून पाण्याखाली २७ एकरांचे उद्यान आहे. १९३५ साली तिथे एक जुनी सुकी गोदी बुडवली गेली. तिच्या आडोशाला मासे जमले, त्यांच्यामागे पाणबुडे आले आणि १९७० साली हा टापू राखीव झाला. पुढे स्वयंसेवकांनी तळाशी दोर ताणून पायवाटा आखल्या. या पायवाटांमुळेच मी या विषयाकडे वळलो.

होडीतून बुडी मारली, तर परतताना होडीवर कुणीतरी डोकी मोजते. किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरणाऱ्याला मोजणारे कुणी नसते. म्हणून ही मोजदाद आपणच, कोरड्यात उभे राहून करायची.

पहिला हिशेब पाण्याचा. कोकणच्या माणसाला उधाण आणि भांग समजावून सांगावे लागत नाही. प्युजेट साउंडमध्येही चंद्राचे गणित तेच, पण दिवसाच्या दोन भरत्यांची उंची तिथे सारखी नसते. ज्या बदलात पाणी कमी चढते-उतरते, तो निवडावा. शिवाय भरती पूर्ण होण्याची आणि प्रवाह थबकण्याची वेळ एकच असेल असे नाही. प्रवाहाचे कोष्टक वेगळे पाहावे. थबकण्याच्या थोडे आधी उतरावे, म्हणजे परतीची वाट जोरदार प्रवाहात सापडत नाही.

दुसरा हिशेब हवेचा. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. वर मिनिटाला २० लिटर हवा घेणाऱ्याला तिथे ४० लागतात. १२ लिटरच्या टाकीत २०० बार दाबाने साधारण २४०० लिटर हवा मावते. तिचे तीन भाग करावेत: एक जाण्याचा, एक येण्याचा, एक अडचणीचा. जाण्याचे ८०० लिटर २० मिनिटांत संपतात. तेव्हा मासा कितीही देखणा दिसो, मागे वळायचे. तिसरा भाग आपला नसतोच. जोडीदाराची हवा संपली, तर तो त्याचा असतो.

तिसरा हिशेब दिशेचा. फेरीचा धक्का उद्यानाच्या दक्षिणेला आहे आणि बोटीच्या पंख्यांनी ढवळलेले पाणी माणसाला ओढू वा ढकलू शकते. धुरकट पाण्यात होकायंत्र आणि दोर, दोन्ही हवेत. गारठ्याने बोटे बधिर होऊ लागली, तर बुडी तिथेच संपवावी.

शेवटचा हिशेब सर्वांत सोपा, म्हणून सर्वांत जास्त चुकतो. किनाऱ्यावरच्या एका माणसाला परतीची वेळ सांगून ठेवावी आणि ती टळल्यास कुणाला बोलवायचे, तेही. असा माणूस मिळाला नाही, तर मी त्या दिवशीची बुडी रद्द करणे योग्य मानतो. गोदी १९३५ पासून तिथेच आहे. ती उद्याही असेल.