ठणका थांबला, दाढ मात्र तशीच

चार रात्री ठणकणारी दाढ एका सकाळी एकदम शांत होते. लवंगेच्या तेलाचा गुण आला, असं घरात सगळे म्हणतात. पुष्कळदा झालेलं असतं वेगळंच: दाढेतली नसच मेलेली असते. मग कळ येणार कुठून? जंतू मात्र मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरलेले असतात.

खालच्या शेवटच्या दोन दाढांचा प्रश्न जास्त बिकट. जिभेखालचा तळ तोलून धरणारा स्नायू जबड्याला जिथे चिकटतो, त्याच्याही खाली या दाढांची मुळं जातात. त्यामुळे तिथला पू तोंडात फुटण्याऐवजी हनुवटीखाली, गळ्याकडे सरकतो. दोन्ही बाजूंना पसरला, की जिभेखालचा भाग लाकडासारखा टणक होतो आणि जीभ वर टाळूकडे रेटली जाते. स्टुटगार्टचे डॉक्टर लुडविग यांनी १८३६ मध्ये या दुखण्याचं वर्णन केलं; आजही ते ‘लुडविग अँजायना’ म्हणूनच ओळखलं जातं. प्रतिजैविकांच्या आधी यात निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत, बहुतेक श्वास कोंडून.

सुरुवातीला रूट कॅनॉल केलं किंवा दाढ काढली, की बहुतेकांचं भागतं. पू साचल्यावर नुसत्या गोळ्या पुरत नाहीत, कारण पुवाच्या पोकळीत रक्त खेळत नाही आणि औषधही पुरेसं पोचत नाही. चीर देऊन निचरा करावाच लागतो. आणखी उशीर झाला, तर पू मानेतून थेट छातीत उतरू शकतो. मधुमेह असेल तर हे सगळं अधिक झपाट्याने होतं.

उशीर का होतो? ‘वरची दाढ काढली की नजर जाते’ हा जुना गैरसमज आहेच. मेडिकलमधून आणलेल्या दोन दिवसांच्या गोळ्याही आहेत. पण माझ्या मते सर्वात महाग पडतो तो ‘आधी सूज उतरू दे, मग बघू’ हा सल्ला. सूज असताना दाढ काढता येतच नाही, असं मुळीच नाही. ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचं. तोंडात दोन बोटं मावत नसतील, लाळ गिळवत नसेल, आवाज जड झाला असेल किंवा आडवं पडताच गुदमरत असेल, तर सकाळपर्यंत थांबू नये. त्याच रात्री मोठं रुग्णालय गाठावं.

जीव वाचला तरी जबडा आखडलेला राहू शकतो. मग आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या आणि जमेल तशी एकेक काडी वाढवत न्यायची, असा व्यायाम कित्येक आठवडे चालतो. तोवर जेवण म्हणजे पेज आणि वरणाचं पाणी.