जुन्या संगणकात एसएसडी बसवली, तरी स्पीड का मिळत नाही?



शाळेतला किंवा घरातला दहा-बारा वर्षांचा संगणक बदलण्याऐवजी त्यात एसएसडी बसवा, असा सल्ला आता सगळेच देतात. सल्ला चांगलाच आहे. पण बसवल्यावर अनेकांची तक्रार असते, "बॉक्सवर ५५० एमबी लिहिलंय आणि आमच्याकडे २६०-२७० च्या पुढे जातच नाही. दुकानदाराने फसवलं!" मग काही जण ती काढून दुसऱ्या कंपनीची आणतात. शाळेच्या अनुदानातून घेतलेली असेल तर तोच खर्च पुन्हा दाखवायचा कुठे? म्हणून आधी हे वाचा.

एसएसडी मदरबोर्डला ज्या जोडणीने जोडतात तिला साटा म्हणतात. साटाच्या तीन पिढ्या आहेत: दीड, तीन आणि सहा गिगाबिट. इथे गिगाबिट आहे, गिगाबाइट नाही, हे लक्षात घ्या. सहावाल्यावर प्रत्यक्षात सेकंदाला साधारण ५५० एमबी मिळतात, तीनवाल्यावर २५० ते २८०. टाकी कितीही मोठी असली तरी पाइप अर्धा इंची असेल तर पाणी तेवढंच येणार, तसंच हे. आपल्याकडे असेंबल केलेल्या जुन्या संगणकांत एच६१ चिपसेटचे बोर्ड खूप दिसतात. या चिपसेटला सहा गिगाबिट साटा नाहीच. तिथे २७० दिसले तर एसएसडी अगदी ठणठणीत आहे, बदलू नका.

हे ओळखायचं कसं? 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हे मोफत सॉफ्टवेअर उघडा आणि 'ट्रान्सफर मोड' ही ओळ बघा. तिथे 'साटा/३०० | साटा/६००' असे दोन आकडे दिसतील. पहिला म्हणजे सध्या मिळणारा वेग, दुसरा म्हणजे एसएसडीची क्षमता. दोन्ही ६०० असतील तर जोडणी बरोबर आहे. पहिला कमी असेल तर बोर्डवरची पिनांशेजारची अक्षरं वाचा. एच६७, झेड६८ सारख्या बोर्डांवर दोन्ही प्रकारचे पोर्ट असतात आणि बसवणाऱ्याने केबल हाताला येईल त्या पोर्टात खोचलेली असते. संगणक बंद करून, प्लग काढून केबल सहा गिगाबिटच्या पोर्टात लावा. फुकटचं काम!

त्याच खिडकीत 'सीआरसी एरर काउंट' अशी ओळ असते. हा आकडा दिवसेंदिवस वाढत असेल तर बहुतेक वेळा केबल सैल किंवा खराब असते. साटा केबल स्वस्त मिळते, आधी ती बदला.

आता बायोसमधली एक सेटिंग. जुन्या संगणकात साटा मोड 'आयडीई' वर ठेवलेला असतो, तो 'एएचसीआय' हवा. पण थेट बदलू नका हं! विंडोज निळी स्क्रीन दाखवून सुरूच होणार नाही अशी शक्यता असते. विंडोज १० असेल तर आधी निकालपत्रकं, फोटो, सगळी माहिती पेन ड्राइव्हवर काढून ठेवा. मग 'एमएसकॉन्फिग' मध्ये 'सेफ बूट' वर टिक करा, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये जाऊन मोड बदला, सेफ मोडमध्ये संगणक सुरू झाला की टिक काढून पुन्हा रीस्टार्ट करा. काही फार जुन्या बोर्डांवर एएचसीआयचा पर्यायच नसतो. नसेल तर नाद सोडा.

आणखी एक. एसएसडी गच्च भरली की मंदावते. पंधरा-वीस टक्के जागा मोकळी ठेवा. विंडोजच्या 'ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज' मध्ये तिच्यासमोर 'सॉलिड स्टेट ड्राइव्ह' असं लिहिलेलं आहे ना, तेही बघून घ्या. स्वस्तातल्या एसएसडीत मोठे व्हिडिओ कॉपी करताना सुरुवातीला वेग चांगला असतो आणि मध्येच धाडकन खाली येतो. तो बिघाड नाही, आतली वेगवान राखीव जागा भरलेली असते.

खरं तर बॉक्सवरच्या आकड्याला आपण उगाच डोक्यावर बसवतो. पाठ्यपुस्तकांचा अख्खा गठ्ठा एकदम उचलून आणणं वेगळं आणि कपाटातून एकेका मुलाचं पुस्तक शोधून देणं वेगळं. ५५० हा गठ्ठ्याचा वेग आहे. विंडोज सुरू होताना, एक्सेल उघडताना संगणक शोधाशोधीचं काम करतो. त्या छोट्या छोट्या फायलींना जुनी हार्ड डिस्क सेकंदाला जेमतेम एक एमबी देते, साधी एसएसडी वीस-तीस. तीन गिगाबिटच्या पोर्टवरही हा वेग जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणून अर्धा आकडा दिसणारा संगणकही आधीपेक्षा कितीतरी लवकर सुरू होतो.

एवढं करूनही ब्राउझर रखडत असेल तर टास्क मॅनेजरमध्ये मेमरी बघा. २ जीबी रॅमवर विंडोज १० चालवत असाल तर दोष एसएसडीचा नाही. दुसरी एसएसडी आणण्याऐवजी रॅम ४ किंवा ८ जीबी करून घ्या. फक्त बोर्डला डीडीआर२ लागते की डीडीआर३, ते दुकानात जाण्याआधी बघून जा.