आधी जॉब आवळायचा

संपादकांना हवा होता कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या ओतकामावरचा लेख. म्हादबा मेस्त्रींसारख्या कारागिरांनी घालून दिलेली वाट, ऑइल इंजिनांचा काळ, भट्ट्या आणि साचे यांवर पुष्कळ लिहून झालं आहे. मी अडकलो तो एका शेडच्या दाराशीच, जुन्या पॉवर हॅकसॉजवळ. आलेला प्रत्येक बार आधी इथे कापला जातो, मग लेथवर चढतो. तरी या यंत्राविषयी कुणी बोलत नाही.

त्याची चाल मला फार आवडली. क्रँकच्या जोरावर लोखंडी हात पुढे-मागे सरकतो. पातं कापतं फक्त एका दिशेला. परतताना ते जॉबवर, म्हणजे कापायच्या धातूवर, घासलं तर दाते बोथट व्हायचे, म्हणून परतीच्या प्रत्येक फेरीत तेलाच्या दाबाने हात केसभर उचलला जातो. वरून कूलंटची पांढरी धार अखंड सुरू. काप पुरा झाला की यंत्र आपलं आपण थांबतं.

यंत्र चालवणारे मामा मात्र काप सुरू होण्याआधीच सगळा वेळ घालवतात. पाइप आहे की भरीव बार, हे बघून ते पातं निवडतात. कापाच्या जाडीत एका वेळी किमान तीन दाते बसलेच पाहिजेत. पातळ पाइपवर जाड दात्यांचं पातं लावलं तर दाता कडेत अडकतो आणि तुटतो. मग दात्यांची दिशा, पात्याचा ताण आणि शेवटी व्हाइस. आखूड तुकडा व्हाइसच्या एकाच टोकाला धरला की जबडा तिरका होतो आणि पकड सुटते. मामा दुसऱ्या टोकाला तेवढ्याच जाडीचा तुकडा घालतात, मगच आवळतात. लांब बार असेल तर बाहेर आलेल्या टोकाखाली स्टँड, नाहीतर शेवटच्या क्षणी वजनाने बार वाकतो, पातं चिमटतं.

अर्ध्या कापात पातं तुटलं की नवं पातं त्याच खाचेत घालायचं नाही. झिजलेल्या दात्यांनी केलेली खाच अरुंद असते, नवं पातं तिथे अडकून तुटतं. जॉब फिरवून दुसऱ्या बाजूने सुरुवात करायची. "घाई केली की पातंबी जातंय आणि जॉबबी," मामा म्हणाले. चालू यंत्राजवळ ते हातमोजे घालत नाहीत, बाही दुमडून ठेवतात आणि बुरा ब्रशने काढतात, तोही यंत्र बंद करून.

पण उद्यमनगराबाहेर, गेट-ग्रिलच्या दुकानांत, पॉवर हॅकसॉ आता फारसा दिसत नाही. तिथे १४ इंची चाकाचं कट-ऑफ यंत्र आहे, आणि माझी काळजी तिथली आहे. ३५५ मिलिमीटरच्या चाकाची मर्यादा मिनिटाला साधारण ४,३०० फेरे, म्हणजे कडेचा वेग सेकंदाला ८० मीटर. असं चाक फुटलं तर तुकडे कुठे जातील ते कुणाच्या हातात नसतं. म्हणून नवं चाक बसवल्यावर बाजूला उभं राहून ते मिनिटभर रिकामं फिरवायचं, चाकावरची मुदत वाचायची, चाकाच्या सपाट बाजूने कधी घासायचं नाही.

हातातल्या ग्राइंडरची गोष्ट याहून वाईट. ४ इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेऱ्यांनी फिरतो. गार्ड काढून त्यावर ७ इंची चाक चढवलेलं मी रस्त्याकडेला पाहिलं आहे. त्या चाकाची मर्यादा ८,५०० च्या आसपास असते. चाक मोठं झालं की कडेचा वेगही वाढतो; इथे तो सेकंदाला १०० मीटरच्या वर जातो, आणि चेहऱ्यापुढे गार्डही नाही. काम पायाखाली दाबून धरलेलं, डोळ्यांवर साधा चष्मा. गॅल्व्हनाइज्ड पाइप कापताना जस्ताचा धूरही छातीत जातो.

१९४८ च्या कारखाना कायद्यात कलम २१ यंत्राला आडोसा घालायला सांगायचं, कलम ३५ डोळ्यांचं रक्षण करायला. पण मूळ कायद्यात विजेवर चालणारी जागा 'कारखाना' ठरायला किमान १० कामगार लागत. चौघांच्या शेडमध्ये तो कायदा पोचणार तरी कसा होता? तिथे गार्ड काढणाऱ्या पोराला अडवायला मालक किंवा शेजारचा जुना फिटर, एवढेच. चाक विकणाऱ्या दुकानदारानेही ग्राइंडर किती इंची आहे, एवढं विचारूनच चाक द्यावं.