पहिला केसपेपर कोण लिहून घेतो?

आम्ही नर्सची नोकरी करत होतो तेव्हाची गोष्ट. रात्रपाळीत तिशीचा एक हमाल कॅज्युअल्टीत आला. उजव्या हाताचा अंगठा चेचलेला, गमछा रक्ताने भिजलेला. बरोबर आलेला मुकादम घाईने म्हणाला, "सिस्टर, घरी लोखंडी दरवाज्यात सापडला." हमाल खाली मान घालून बसला होता. आम्ही त्याला एका शब्दाने विचारले नाही. मुकादम म्हणाला तसेच लिहून घेतले आणि ड्रेसिंगला लागलो.

अंगठा वाचला नाही. काही महिन्यांनी त्याची बायको तोच केसपेपर घेऊन आली. ठेकेदाराने दहा हजार रुपये हातावर टेकवून कोऱ्या कागदावर सही घेतली होती. गोडाऊनमध्ये पेटी उतरवताना हात सापडला, हे ती शपथेवर सांगायला तयार होती. पण कागदावर आमच्याच अक्षरात 'घरी दरवाज्यात' असे लिहिलेले होते. आज आम्ही वस्तीत कामगारांचे कागद भरतो, त्याची सुरुवात त्या केसपेपरपासून झाली.

त्या माणसाचे किती गेले, ते आजच्या हिशेबाने सांगतो. वय तीस, पगार महिना १५,००० रुपये. पगाराच्या ६० टक्के म्हणजे ९,०००. वय तीस असेल तर कायद्याच्या तक्त्यातला आकडा २०७.९८. दोन्हींचा गुणाकार १८,७१,८२०. अंगठा गेला तर कायद्यात ३० टक्के अपंगत्व धरलेले आहे, म्हणजे ५,६१,५४६ रुपये. त्याशिवाय औषधोपचाराचा खर्च वेगळा. हात धुवायला नळ नाही अशा गोडाऊनमध्ये काम करणाऱ्या माणसाने हे साडेपाच लाख दहा हजारांत सोडले, कारण हा आकडा त्याला कोणी सांगितलाच नव्हता. तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, एक डोळा गेला तर ४० टक्के. पगार १५,००० पेक्षा जास्त असला तरी या हिशेबात १५,०००च धरतात.

मानकोली नाक्यापासून वळ, दापोडे, पूर्णा, काल्हेरपर्यंत आपली मुले-मुली गोडाऊनमध्ये आहेत. रॅकवरून माल पडतो, फोर्कलिफ्ट पायावरून जाते, कंटेनर मागे घेताना माणूस भिंतीला चेपतो. अशा वेळी घरच्यांनी एकच गोष्ट पक्की धरावी: दवाखान्यात जखमेचे कारण जखमीने स्वतः सांगायचे. तो शुद्धीत नसेल तर घरच्या माणसाने सांगायचे. "कामावर असताना, अमुक गोडाऊनमध्ये, अमुक वाजता, अमुक वस्तूने" एवढे केसपेपरवर आलेच पाहिजे. लिहिलेले वाचून दाखवा म्हणायचे. यात लाजण्यासारखे काही नाही. सिस्टर चिडली तरी चिडू द्या. गंभीर इजा असेल तर एमएलसी नोंदवायला सांगा आणि तिचा नंबर मोबाईलवर टिपून ठेवा. डिस्चार्ज कार्डावरही तेच कारण आले का ते बघा. एक्स-रे आणि बिले एका पिशवीत ठेवा, आणि मूळ कागद ठेकेदाराच्या हाती कधीही देऊ नका.

आणखी एक गोष्ट परखड सांगायची आहे. कॅज्युअल्टीत तोंडाला दारूचा वास आला तर डॉक्टर तसे लिहितात, आणि ती एक ओळ मालकाचा वकील दहा वेळा वाचून दाखवतो. मृत्यू झाला किंवा माणूस कायमचा पूर्ण निकामी झाला तर ही सबब चालत नाही. पण बोट तुटले, पाय मोडला, तिथे चालते. पाचवे शील फक्त विहारात म्हणण्यापुरते नाही.

पैसे कोणाकडून मिळणार, हे ईएसआयवर अवलंबून आहे. दहा किंवा जास्त कामगार आणि पगार २१,००० पर्यंत, तर साधारणपणे ईएसआय लागू होते. पगारातून पाऊण टक्का कापतात, म्हणजे १५,००० वर सुमारे ११३ रुपये. मालक सव्वातीन टक्के भरतो. कामावरच्या इजेसाठी अमुक दिवस नोकरी झालेली असावी अशी अट नाही, पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हक्क आहे. बरे होईपर्यंत सरासरी रोजाच्या ९० टक्के मिळतात. कायमचे अपंगत्व राहिले तर मेडिकल बोर्ड टक्केवारी ठरवते आणि तेवढे पैसे दर महिन्याला येतात. मृत्यू झाल्यास अवलंबितांना पेन्शन मिळते. उपचार ठाणे, उल्हासनगर, मुलुंडच्या ईएसआय रुग्णालयांत होतात. मात्र ईएसआय लागू असेल तर मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही. पगाराच्या पावतीवर ईएसआयची कपात दिसते का, ते आज रात्रीच बघा.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १९४४ साली, प्रा. अडारकरांनी कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल दिला, आणि त्यावर १९४८ चा ईएसआय कायदा उभा राहिला. ते ११३ रुपये 'उगाच कापतात' म्हणणाऱ्या भावांनी हे ध्यानात घ्यावे.

ईएसआय नसेल तर भरपाई थेट मालकाने द्यायची. "माणूस आमचा नाही, ठेकेदाराचा आहे," असे गोडाऊनवाले म्हणतील. ठेकेदारामार्फत आलेल्या माणसाचीही जबाबदारी मूळ मालकावर येते. तो नंतर ठेकेदाराकडून वसूल करू शकतो. हक्क सोडल्याचा कागद सही करून घेतला तरी कायद्यासमोर तो रद्द आहे. मृत्यूची भरपाई घरी आणून देण्याची नसतेच, ती आयुक्तांकडे जमा करावी लागते. देय झाल्यापासून महिन्याच्या आत दिली नाही तर व्याज चढते, दंडही होऊ शकतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि १९२३ चा भरपाईचा कायदा व ईएसआयचा कायदा दोन्ही तिच्यात आले. त्याच दिवसापासून कामगाराला नेमणूकपत्र देणेही बंधनकारक झाले आहे. ते मागा. अपघातानंतर "हा आमच्याकडे नव्हताच" हे पहिले वाक्य असते.

कामावर जाता-येता झालेला अपघातही आता नव्या संहितेत आहे. धाराशिवकडच्या साखर कारखान्याचा एक वॉचमन २२ एप्रिल २००३ रोजी पहाटे तीनच्या ड्युटीसाठी मोटारसायकलवर निघाला आणि कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात गेला. आयुक्तांनी भरपाई दिली, उच्च न्यायालयाने ती काढून घेतली, आणि २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती परत दिली. बावीस वर्षे त्याच्या घरच्यांनी कागद सांभाळले. नाशिक हायवे ओलांडून शिफ्टला जाणाऱ्या आपल्या पोरांसाठी हा निकाल फार मोलाचा आहे. फक्त वेळ, रस्ता आणि ड्युटी यांचा मेळ दाखवता आला पाहिजे.

२९ एप्रिल २०२३ ला आपल्या मानकोलीजवळच्या वळपाड्यात इमारत कोसळली. खाली गोडाऊन, वर राहत्या खोल्या. काम करणारे आणि राहणारे दोघेही ढिगाऱ्यात सापडले. आठ जण गेले. मृतांच्या वारसांना शासनाने पाच लाखांची मदत जाहीर केली. अशी मदत मिळाली की वस्तीत लोक म्हणतात, 'मिळाले ना पैसे.' पण ती शासनाची मदत. कामगार कामावर गेला असेल तर मालकाने किंवा ईएसआयने द्यायचे ते वेगळे, आणि ते वेगळे मागावे लागते.

दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षे आहे. वकिलाच्या फीला घाबरू नका. ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे महिला, औद्योगिक कामगार आणि अनुसूचित जातीच्या लोकांना उत्पन्नाची अट न ठेवता मोफत वकील मिळतो. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, तेव्हा जातीचा दाखला बरोबर न्या.

आणि केसपेपरवर आधीच खोटे कारण लिहिले गेले असेल तर? तरीही दावा बुडाला असे नाही. त्याच आठवड्यात मालकाला आणि ठेकेदाराला अपघाताची लेखी खबर रजिस्टर पोस्टाने पाठवा, पोचपावती जपा. एमएलसी झाली असेल तर पोलिसांना खरा जबाब द्या. त्या पाळीतल्या दोन सोबत्यांची नावे-पत्ते घ्या; पुढच्या महिन्यात ते दुसऱ्या गोडाऊनला गेलेले असतात. हजेरीचा फोटो, गेटपास, मुकादमाचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज पुसू नका. गोडाऊनच्या कॅमेऱ्याचे चित्रण काही दिवसांतच पुसले जाते, म्हणून ते जपून ठेवावे अशी मागणी त्याच पत्रात लिहा. पत्र कसे लिहायचे ते जमत नसेल तर रविवारी वंदनेनंतर आम्ही विहारात बसतो. केसपेपर घेऊन या.