हनोईत ‘मी’ म्हणायची सोय नाही

परदेशी शिकायला जायचं म्हटलं की आपल्याकडे अमेरिका, जर्मनी, ऑस्ट्रेलिया एवढीच नावं निघतात. मी बडोद्यात बी.ई. करून पुढच्या शिक्षणासाठी व्हिएतनामला जातोय म्हटल्यावर आमच्या आत्याने पहिला प्रश्न विचारला, “तिथे शिकवतात का रे?” शिकवतात. हनोईचं बाक खोआ, म्हणजे तंत्रज्ञान विद्यापीठ, 1956 सालचं आहे. त्याचं पॅराबोलाच्या आकाराचं फाटक बघितलं की आपण इंजिनिअरांच्या गावात आलो हे न सांगता कळतं.

आता कुणी तिकडे जायचा विचार करत असेल तर मला खर्च आणि जेवण विचारतो. मी आधी भाषेबद्दल बोलतो, कारण तिथला दिवस कसा जाणार हे तीच ठरवते.

व्हिएतनामीत ‘मी’साठी ‘तोय’ असा शब्द आहे, पण ओळखीच्या माणसांत तो कोरडा वाटतो. तिथे नात्याने बोलतात. समोरचा थोडा मोठा असेल तर तो ‘आन्य’ म्हणजे दादा, ती ‘ची’ म्हणजे ताई, आणि तुम्ही स्वतः ‘एम’, धाकटं भावंड. “मला चहा द्या” असं नाही, “ताई, धाकट्याला चहा दे” अशा थाटाचं वाक्य. काकाच्या वयाचा तो ‘चू’, आईवडिलांपेक्षा मोठे ते ‘बाक’. वडिलांची धाकटी बहीण ‘को’ आणि आईची धाकटी बहीण ‘झी’, म्हणजे आत्या वेगळी, मावशी वेगळी. इंग्रजीतल्या ‘आंटी’त आपण या दोघींना कधीच बुडवून टाकलंय.

म्हणून तिथे भेटणारा प्रत्येक माणूस पहिल्या मिनिटात तुमचं वय विचारतो. आपल्याला तो भोचकपणा वाटतो. पण वय कळल्याशिवाय त्याला वाक्याचा कर्ताच सापडत नाही! वर्गात पुरुष शिक्षक ‘थय’, बाई ‘को’, आणि विद्यार्थी सगळे ‘एम’. आमच्यातली काही भारतीय मुलं दोन वर्षं ‘सर-मॅडम’वर निभावून गेली. पदवी त्यांनाही मिळाली, पण शेवटपर्यंत ती पाहुणीच राहिली. वर्ग इंग्रजीत असला तरी प्रोजेक्टच्या ग्रुपमधली खरी चर्चा व्हिएतनामीत चालते, तीही झालो नावाच्या ॲपवर. (मराठी माणसाला हे नाव कायम अर्धवट वाक्य वाटतं.)

अडचण सुरांची. हनोईच्या बोलीत सहा सूर आहेत. ‘मा’ हा एकच आवाज सुरानुसार भूत, गाल, ‘पण’, कबर, घोडा किंवा भाताचं रोप होतो. गाणं शिकलेल्यांना हे लवकर जमतं. मला मदत झाली ती कीबोर्डची. टेलेक्स नावाच्या टायपिंग पद्धतीत शब्दानंतर एस दाबला की चढता सूर, एफ दाबला की उतरता, जे दाबला की जड, खाली दाबलेला. बोटांना सूर पाठ झाले की तोंडालाही हळूहळू होतात. मित्र मात्र घाईत खुणा न देताच मेसेज पाठवतात, मग संदर्भावरून ओळखत बसा.

या रोमन लिपीचं मूळ जेझुइट पाद्र्यांकडे जातं. अलेक्झांडर द ऱ्होड्सचा व्हिएतनामी-पोर्तुगीज-लॅटिन शब्दकोश 1651 साली रोममध्ये छापला गेला. तिकडे जाताना हा पाद्री गोव्यात थांबला होता. त्याच गोव्यात फादर स्टीफन्सचं मराठी ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली रोमन लिपीतच छापलं होतं. आपण देवनागरीत राहिलो, ते तिथेच राहिले.

जेवणाचं सांगतो. शाकाहारी म्हणजे ‘चाय’ आणि बर्फाचा चहा म्हणजे ‘चा दा’. या दोन शब्दांची गल्लत करू नका. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी अनेक बौद्ध घरांत ‘चाय’ असतं. एरवी भाजीतही ‘नुओक माम’, म्हणजे माशांचं आंबवलेलं पाणी पडतं, म्हणून नुसतं “मांस नको” म्हणून भागत नाही, तेही सांगावं लागतं. चा दा फुटपाथवरच्या टीचभर प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून प्यायचा. आमचा निम्मा अभ्यास तिथेच झाला. थंडी दिसते त्यापेक्षा बोचरी असते, कारण हवा ओली आणि खोल्यांत बहुधा हीटर नाही. स्वेटर न्या.

तेत, म्हणजे त्यांचं नववर्ष, जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत येतं. सगळे आपापल्या गावी जातात, शहर रिकामं होतं, खानावळी बंद. परदेशी विद्यार्थ्यांना हेच दिवस जड जातात. मी ज्यांच्याकडे खोली घेतली होती त्या आजीबाई मला ‘चाऊ’, म्हणजे नातवंड, म्हणत. पहिल्याच तेतला त्यांनी जेवायला बोलावलं. पानात बांधून शिजवलेला भाताचा चौकोनी बान्य चुंग होता, आत मूगडाळ. एरवी त्यात डुकराचं मांसही असतं, माझ्यासाठी एक बिनमांसाचा वेगळा बांधला होता. जाताना हातात लाल पाकीट ठेवलं. ही ‘ली सी’ मोठ्यांनी लहानांना द्यायची असते.

आता तिशी उलटली आहे. पुन्हा गेलो तर त्या घरातली पोरं मला ‘चू’ म्हणतील आणि पाकिटं मलाच वाटावी लागतील.