कुंपणाचा रंग

बागेविषयींचें भाषण म्हटलें कीं कलमें, खतें आणि कीड यांची चर्चा होणार, असें आपण गृहीत धरलें असेल. माझा विषय मात्र बागेच्या अगदीं कडेला उभा आहे. घरापुढच्या चिमुकल्या बागेच्या कुंपणाला कोणता रंग द्यावा, एवढाच तो विषय. सारा जन्म शाळेंत शिकविण्यांत घालविलेल्या माणसाला याहून मोठा विषय सुचूं नये, याचें कोणास नवल वाटेल. परंतु या एका रंगापायीं आमच्या घरीं दोन वर्षें मतभेद राहिला आणि एक जुनें झाड गेलें. त्यामुळें याविषयीं बोलण्याचा थोडासा अधिकार मला प्राप्त झाला आहे, असें मी समजतों.

पुण्यांत आमचें लहानसें घर आहे. पुढें पंधरा फूट रुंद व वीस फूट लांब जागा. तिच्या दोन बाजूंस छातीइतक्या उंचीचें लांकडी पट्ट्यांचें कुंपण. आंतल्या अंगास मोगरा, तगर, जास्वंद, कृष्णकमळाचा एक वेल आणि कोपऱ्यांत अनंत. हा अनंत माझ्या पत्नीनें रत्नागिरीकडून, माहेराहून, फांदी आणून लाविलेला. त्याचें वय आमच्या मुलाच्या वयाइतकें. मी निवृत्त झाल्यावर कुंपण रंगवावयाचें ठरलें, आणि घरांत मी एकटाच रिकामा असल्यामुळें तें काम माझ्याकडे आलें. दुकानदारानें रंगांच्या नमुन्यांचें पत्रक पुढें ठेविलें. टपालाच्या तिकिटाहून किंचित् मोठे असे ते शेंदीडशें चौकोन दिव्याच्या उजेडांत पाहून मीं त्यांतून एक शांत, पानासारखा हिरवा निवडला. यंत्रानें तो तेथल्या तेथें कालवून दिला आणि आठवड्याच्या आंत कुंपण रंगून उभें राहिलें.

पत्नी बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, हा हिरवा कोठला? हा तर मोरपंखी निळा आहे. डोळ्यांवर येतो." मी म्हणालों, "नवा आहे, उन्हानें बसेल." मास्तराच्या आवाजांत सांगितलेलें विधान खोडून काढणें घरच्यांना जड जातें, हा माझा जुना अनुभव, तिनें तो विषय तेथेंच सोडला.

रंग कांहीं बसला नाहीं. उलट, दोन महिन्यांनीं तिला अनंताचीं पानें पिवळीं पडलेलीं दिसूं लागलीं, मोगऱ्याचींही. मला तीं हिरवींच दिसत होतीं, पण झाडांविषयीं तिचा शब्द आमच्याकडे अखेरचा असतो. पानें पिवळीं पडलीं म्हणजे लोह कमी पडलें, असें समजून तिनें हिराकस पाण्यांत विरघळवून घातला. गुण येईना म्हणून पुन्हां घातला. तिसऱ्या वेळीं जरा अधिकच. अनंताचीं मुळें भाजलीं, आणि पावसाळ्याच्या तोंडावर ज्या झाडाखालीं उभें राहिलें कीं वासानें जीव भरून यावा, तें झाड त्या वर्षीं वाळून गेलें.

पुढच्या हिंवाळ्यांत महिन्याभराच्या अंतरानें माझ्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. घरीं आलों, फाटक उघडलें आणि थबकलों. कुंपण निळें होतें! मोगऱ्याचें पान त्या कुंपणापुढें पाहिलें तर पिवळट. तेंच खुडून पांढऱ्या कागदावर ठेविलें तर चांगलें हिरवेंगार. पानांना कांहीं झालेंच नव्हतें. अनंतालाही, बहुधा, कांहीं झालेलें नव्हतें.

यांत दोन निरनिराळ्या गोष्टी गुंतलेल्या आहेत, आणि दोन्ही समजून घेण्याजोग्या आहेत. पहिली माझ्या डोळ्यांची. बाहुलीच्या मागें जें नैसर्गिक भिंग असतें, तें वयाबरोबर पिवळें पडत जातें, आणि पिवळें भिंग निळा प्रकाश अडवितें. हा फरक इतक्या सावकाश होतो कीं ज्याचा त्याला तो कळत नाहीं. मन त्याच्याशीं जुळवून घेत राहतें. मोरपंखी रंगांतून निळा भाग उणा केला कीं बाकी उरतो तो पानासारखा हिरवा. मीं तोच निवडला होता. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकारालाही याच दुखण्यानें गांठलें होतें. १८८३ पासून जिव्हर्नी या गांवीं राहून त्यानें आपली सुप्रसिद्ध बाग फुलविली. पण मोतीबिंदूच्या काळांतील त्याच्या कित्येक चित्रांत तांबूस व तपकिरी छटा दाटलेल्या आढळतात. १९२३ सालीं, वयाच्या ८२ व्या वर्षीं, त्याच्या उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली. एवढ्या थोर माणसाच्या पंक्तीला बसण्याची माझी योग्यता नाहीं. दुखणें तेवढें एक.

दुसरी गोष्ट पत्नीच्या डोळ्यांची, आणि ते तर निर्दोष होते. पॅरिस येथील गोबलँ या राजकीय गालिचे विणण्याच्या कारखान्यांत १८२४ सालीं शेव्ह्रल नांवाच्या रसायनशास्त्रज्ञाची रंगाई-खात्यावर नेमणूक झाली. काळा धागा फिका दिसतो, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्यानें धागा तपासला. धाग्यांत दोष नव्हता. दोष शेजाऱ्याचा होता. निळ्या-जांभळ्या रंगांलगत विणल्यामुळें काळा मलूल भासत होता. शेजारीं आलेले दोन रंग एकमेकांना विरुद्ध दिशेला ढकलतात, हा नियम त्यानें १८३९ सालीं एका मोठ्या ग्रंथांत मांडला. आमच्या बागेंत नेमकें तेंच घडलें. निळसर कुंपणानें पानांतला पिवळेपणा पुढें काढला आणि निरोगी झाड रोगी दिसूं लागलें.

एवढें ध्यानांत आल्यावर कुंपणाकडे पाहण्याची माझी दृष्टि पालटली. कुंपण ही स्वतः पाहावयाची वस्तु नव्हे. ती पानांची पार्श्वभूमि आहे. म्हणून "कोणता रंग सुंदर?" हा प्रश्नच चुकीचा; "कोणत्या रंगापुढें माझीं झाडें चांगलीं दिसतात?" असें विचारावें. ताजा, झगझगीत हिरवा मला सर्वांत वाईट वाटतो. तो पानांशीं स्पर्धा करतो, आणि पानें दर ऋतूंत बदलत असल्यामुळें त्याचें त्यांच्याशीं कधींच जुळत नाहीं. पांढरा रंग चित्रांत मोहक दिसतो, परंतु आमच्याकडच्या वैशाखाच्या उन्हांत तो डोळे दिपवितो, पावसाळ्यांत गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत चिखलाचे शिंतोडे मिरवितो, आणि त्याच्यापुढें तगर व मोगरा यांचीं फुलें दिसेनाशींच होतात. शिवाय उजळ रंग पुढें येतो, त्यामुळें लहान जागा अधिकच लहान भासते. याउलट काळपट, मळकट रंग मागें सरतात. काजळी मिसळलेला हिरवा, शेवाळी, गडद तपकिरी यांच्यावर वेल चढला कीं जागेची हद्द कोठें संपली हें चटकन् कळत नाहीं. पंधरा फुटांच्या बागेला याहून मोठा लाभ कोणता?

गडद रंगाचा तोटाही सांगितला पाहिजे. तो ऊन अधिक शोषतो, त्यामुळें लांकूड अधिक तापतें व फुगतें-आकसतें. आणि ज्यांच्या बागेभोंवतीं उंच इमारती उभ्या राहून दोन घटकाच ऊन येतें, त्यांनीं गडद रंगाच्या वाटेस जाऊं नये. तेथें काळोखी दाटेल. तेथें पारवा, हिरवट झांक असलेला, बरा.

एका शेजाऱ्यांनीं मराकेश येथील माजोरेल यांच्या बागेचीं छायाचित्रें पाहून आपलें कुंपण कडक निळें रंगविलें. माजोरेल या चित्रकारानें १९३७ सालीं आपल्या घराला तो निळा रंग दिला आणि तो त्याच्याच नांवानें जगभर ओळखला जातो. पण तेथें कोरडें ऊन, निवडुंग आणि रुंद मोकळ्या वाटा आहेत. आमच्या शेजाऱ्यांकडे चार जास्वंदी आणि एक अळूचा वाफा.

सायंकाळचा विचार तर कोणी करीतच नाहीं, आणि आपण नोकरदार माणसें बागेंत बसतों ती तीच वेळ. उजेड मंदावतांना तांबडे रंग आधीं काळे पडतात व निळे-हिरवे उजळ राहतात, हें पुर्किन्ये या बोहेमियांतील शास्त्रज्ञानें १८२५ च्या सुमारास नमूद केलें. दुपारीं भडक वाटणारी जास्वंद सातच्या सुमारास काळवंडते. मग गडद कुंपणापुढें तगरीचीं पांढरीं फुलें तेवढीं उरतात, आणि तीं पाहण्यासारखीं असतात.

आतां निवड कशी केली तें सांगतों. पत्रकावरून नव्हे. दोन-दोन फुटांच्या चार फळ्या घेतल्या, प्रत्येकीला वेगळ्या रंगाचे दोन हात दिले आणि त्या कुंपणाला, झाडांच्या मागें, टेकून ठेविल्या. लहान तुकड्यावर सौम्य वाटणारा रंग मोठ्या पृष्ठभागावर तीव्र होतो, म्हणून फळी मोठीच हवी. सकाळीं, दुपारीं, दिवेलागणीस पाहिल्या. एकदां पाणी मारून ओल्या असतांना पाहिल्या. मुख्य म्हणजे मीं एकट्यानें पाहिल्या नाहींत. पत्नीनें, सुनेनें आणि माळ्यानें, एकमेकांचें मत न विचारतां, आपापली फळी दाखविली. तिघांनीं काजळी-हिरवी दाखविली. माझी पसंती तपकिरीला होती. ती मीं मागें घेतली.

जुना रंग खरवडतांना एक सावधगिरी बाळगावी. पूर्वीच्या तकतकीत पिवळ्या, तांबड्या व हिरव्या तैलरंगांत शिशाचीं संयुगें पुष्कळदां असत. आपल्या देशांत २०१६ च्या नियमांनीं, १ नोव्हेंबर २०१७ पासून, घरगुती रंगांतील शिशावर दहा लाख भागांत ९० भाग अशी मर्यादा आली. त्याआधींच्या रंगाची धूळ लहान मुलांना अपायकारक असूं शकते. म्हणून कोरडें घासूं नये, पाणी मारून घासावें, आणि मुलांना त्या दिवशीं दूर ठेवावें. काम दिवाळीनंतर काढावें. पावसाळ्यांत भिजलेलें लांकूड पुरतें वाळल्याखेरीज रंग धरीत नाहीं.

आमचें कुंपण गेल्या मार्गशीर्षांत रंगून झालें. अनंताच्या जागीं नवी फांदी लावली आहे. तिला चार पानें आलीं आहेत आणि हिराकसाची पुडी पत्नीनें कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिली आहे. फाटकाचा रंग अद्याप ठरावयाचा आहे. तिला गेरूसारखा तांबडा हवा आहे. त्याचा नमुना आज सकाळपासून पायरीवर टेकून ठेविलेला आहे, आणि मला विचारल्यावांचून मीं मत द्यावयाचें नाहीं, असें ठरलें आहे.